लातूरची डाळ, नांदेडची लेकरं आणि पुण्याची सरासरी

"तुमच्याकडचे चार-चार मुख्यमंत्री झाले, तरी तुम्ही मागासच कसे?"

हा प्रश्न मला पुण्यात गेल्या वीस वर्षांत किमान शंभर वेळा तरी विचारला गेला असेल. कधी चहाच्या टपरीवर, कधी टीमच्या डबापार्टीत, एकदा तर चक्क इंटरव्ह्यूमध्ये! विचारणारा बहुतेक वेळा वाईट नसतो. त्याला खरंच नवल वाटत असतं. आणि खरं सांगायचं तर प्रश्नात तथ्य आहेच. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. मराठवाड्याचे हे चार मुख्यमंत्री, आणि गंमत म्हणजे चौघेही दोनच जिल्ह्यांतले. दोन नांदेडचे, दोन लातूरचे. १९९९ ते २०१० ह्या अकरा वर्षांत मधली सुशीलकुमार शिंद्यांची पावणेदोन वर्षं सोडली तर 'वर्षा' बंगला लातूर किंवा नांदेडकडेच होता. वर शंकरराव आणि शिवराज पाटील चाकूरकर असे देशाचे दोन गृहमंत्री. एवढं पद-वैभव आणखी कुठल्या दोन शेजारी जिल्ह्यांना मिळालं असेल, तर मला माहीत नाही.

ह्या प्रश्नाला आमच्याकडं दोन तयार उत्तरं आहेत. एक, "पश्चिम महाराष्ट्रानं आमचं सगळं पळवलं." दुसरं, "आमचे पुढारीच नालायक निघाले." पहिलं उत्तर १७ सप्टेंबरच्या भाषणात देतात, दुसरं भाषण संपल्यावर मंडपाच्या मागे :-) मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. त्यामुळे ह्या वीकेंडला जरा सविस्तर लिहायचं ठरवलंय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझा पत्ता सांगतो. मी नांदेडचा, आजोळ अहमदपूरकडचं, म्हणजे बरोब्बर नांदेड आणि लातूरच्या मधलं. शिक्षण नांदेडात, नोकरी पुण्यात. थोडक्यात, मी ज्या विषमतेबद्दल लिहितोय तिचा मी स्वतः एक आकडा आहे.

आकड्यांवरूनच सुरू करू, पोटापाण्याचा धंदाच तो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख, त्यात मराठवाडा १ कोटी ८७ लाख. म्हणजे राज्यातला दर सहावा माणूस मराठवाड्याचा. नांदेड ३३ लाख ६१ हजार, लातूर साडेचोवीस लाख. आणि उत्पन्न? विजय केळकर समितीनं (नेमणूक २०११, अहवाल २०१३, विधिमंडळात मांडला २०१४ च्या डिसेंबरात) हिशेब मांडला, तो असा की विदर्भ आणि मराठवाडा सोडून उरलेल्या महाराष्ट्राच्या तुलनेत मराठवाड्याचं दरडोई उत्पन्न सुमारे ४० टक्क्यांनी कमी आहे. विदर्भाचंसुद्धा २७ टक्क्यांनीच कमी होतं. आणि ह्या मराठवाड्याच्या आकड्यात औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) धरलेलं आहे. वाळूजच्या कारखान्यांनी ओढून ओढून वर आणलेली सरासरी ती! ते बाजूला काढलं तर हिंगोली-नांदेडचं चित्र आणखी फिकं होतं.

इथं सरासरीबद्दल थोडं बोलतो, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथंच आहे. महाराष्ट्र 'श्रीमंत राज्य' आहे असं आपण म्हणतो. पण राज्याच्या आर्थिक पाहणीतला जिल्हावार दरडोई उत्पन्नाचा तक्ता कधी उघडून बघा. राज्याची सरासरी ओलांडणारे जिल्हे हाताच्या बोटांवर मोजता येतात. मुंबई, ठाणे, पुणे आणि आणखी थोडे. बाकी बहुतेक सगळे सरासरीच्या खाली. म्हणजे 'महाराष्ट्राचा सरासरी माणूस' महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत राहतच नाही. आमच्या क्षेत्रात एखाद्या सर्व्हरचा सरासरी वेग सांगून कोणी काम भागवू पाहिलं तर आम्ही त्याला हसतो, कारण दहातले तीन वेगवान आणि सात रखडलेले असले तरी सरासरी छान दिसते. राज्यकारभारात मात्र हे चालतं.

आता इतिहास. फार नाही, पण टाळूनही चालणार नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं. मराठवाड्याला विद्यापीठ मिळालं १९५८ साली. मधे एकशे एक वर्षं! निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणासाठी हैदराबाद, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याचं माध्यम उर्दू. ज्याची मायबोली मराठी आणि बाप कुळाची जमीन कसणारा, त्याला ते दार किती उघडं होतं ते तुम्हीच ठरवा. नांदेडला पहिलं कॉलेज, पीपल्स कॉलेज, १९५० साली निघालं, हैदराबाद मुक्त झाल्यावर. नांदेडचं स्वतःचं विद्यापीठ १९९४ चं. ज्यांचं नाव त्याला दिलं ते स्वामी रामानंद तीर्थ पीपल्स कॉलेजच्या उभारणीतही होते.

रेल्वेचंही तेच. देशातली पहिली गाडी १८५३ साली धावली. नांदेडला रूळ आले विसाव्या शतकाच्या तोंडावर, आणि तेही मीटरगेज. तुम्ही म्हणाल, रूळ ते रूळ, त्यात काय? त्यात सगळंच आहे. मनमाडपर्यंत ब्रॉडगेज, पुढं मीटरगेज. म्हणजे मुंबईहून येणारा आणि मुंबईला जाणारा प्रत्येक डाग मनमाडला एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायचा. हमाली वेगळी, नासधूस वेगळी, दोन-चार दिवस वेगळे. कुठला कारखानदार ह्या फंदात पडेल? ब्रॉडगेजसाठी गोविंदभाई श्रॉफांसारखी माणसं वर्षानुवर्षं भांडली आणि नांदेडला ब्रॉडगेज आलं १९९० च्या दशकात. तोवर पिंपरी-चिंचवडला कारखान्यांची दुसरी पिढी सुरू झाली होती. माझ्या लहानपणी मुंबईला जाणं म्हणजे मनमाडच्या फलाटावर वळकटी घेऊन पळणं. लातूरची गोष्ट तर आणखी वेगळी, तिथं बार्शी लाईट रेल्वेची नॅरोगेज होती!

(आणि आज नांदेड ते लातूर रेल्वेनं जायचं तर? परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा घालावा लागतो. रस्त्यानं जेमतेम एकशे चाळीस किलोमीटर. लोह्यावरून सरळ रूळ टाकायची मागणी मी शाळेत असल्यापासून ऐकतोय.)

"झालं ते झालं, पण स्वातंत्र्यानंतर पुणं स्वतःच्या हिमतीवर वाढलं, तुम्ही नाही वाढलात", असं एक मत असतं. ह्याच्याशी मी अजिबात सहमत नाही. पुण्याबद्दल मला प्रेम आहे, ह्या गावानं मला भाकरी दिली. पण हिमतीचा हिशेब नीट मांडू. खडकीचा दारूगोळा कारखाना इंग्रजांनी १८६९ साली काढला. १९५० साली सरकारनं राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पुण्यात आणली. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, तीही सरकारी. मग १९६२ साली एमआयडीसी झाली आणि भोसरी-पिंपरीला जमीन, पाणी, वीज जागेवर मिळायला लागली. टेल्को, बजाज त्यानंतरचे. १९८८ ला सी-डॅक. हिंजवडीची जमीनसुद्धा एमआयडीसीनंच संपादन केलेली. खाजगी उद्योजकांचं कर्तृत्व आहेच, मी नाकारत नाही. पण आधी सरकारनं पैसा ओतला, मग खाजगी पैसा आला, मग माणसं आली, आणि मग आपण म्हणालो, "पुण्याची हवाच वेगळी!"

आणि असं मराठवाड्यात होऊच शकत नाही, असंही नाही. औरंगाबाद बघा. सरकारनं मागास भागासाठी सवलती दिल्या, एमआयडीसीनं जागा दिली, १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि बजाजच्या मागोमाग त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने आले. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, त्यावर पुढं येतो. फक्त ही गंगा औरंगाबादला आली आणि तिथंच थांबली. जालन्यापुढं फारशी सरकलीच नाही. कागदावर मात्र 'मराठवाड्याचा औद्योगिक विकास' झाला. पुन्हा तीच सरासरी!

आता सरकारनं काय केलं ते बघू. इथं मला, इंजिनिअर म्हणून, खरोखर मौज वाटते. १९५३ साली नागपूर करार झाला. त्यात मराठवाड्याकडं खास लक्ष देऊ असं म्हटलं. १९५६ साली संविधानात कलम ३७१ (२) आलं, विकास मंडळांची तरतूद झाली. मंडळं प्रत्यक्षात कधी स्थापन झाली? १९९४ साली. अडतीस वर्षांनी! मधल्या काळात १९७४ चं विकास आंदोलन होऊन गेलं. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९८४ मध्ये 'अनुशेष' हा शब्द आमच्या आयुष्यात आला. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज, पाणी वगैरेंत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे ते मोजायचं आणि ते भरून काढायला किती रुपये लागतील ते सांगायचं. कल्पना सुंदर. आकडा निघाला ३,१८६ कोटी, त्यात मराठवाड्याचा ७५० कोटी.

दहा वर्षं अनुशेष 'भरून काढला'. मग १९९४ च्या स्थितीवर निर्देशांक व अनुशेष समितीनं पुन्हा मोजला. आकडा आला १४,००६ कोटी. मराठवाड्याचा ४,००४ कोटी!

म्हणजे भरून काढता काढता खड्डा पाचपट झाला. मोजण्याची पद्धत काहीशी वेगळी होती हे मान्य, दहा वर्षांची महागाई वजा करायला हवी हेही मान्य. तरी एक गोष्ट महागाईनं समजावता येत नाही. एकूण अनुशेषातला मराठवाड्याचा वाटा आधी साडेतेवीस टक्के होता, तो साडेअठ्ठावीस झाला. महागाई काही फक्त मराठवाड्यात नव्हती.

कारण सोपं आहे. तुम्ही 'सरासरी' हे लक्ष्य धरलंत, पण सरासरी जागेवर उभी राहत नाही. पुढचे जिल्हे धावतात तशी सरासरीही धावते. तुम्ही तिच्या मागं चालत जाता आणि दर मुक्कामी अंतर वाढलेलं दिसतं.

पण मला त्याहून मोठी चूक वेगळी वाटते. दांडेकर समितीच्या यादीत काय काय होतं ते पुन्हा वाचा. रस्ते, सिंचन, शाळा, तांत्रिक शिक्षण, दवाखाने, वीज, पाणी, पशुवैद्यक... ह्यात कमाई कुठंय? रोजगार कुठंय? अनुशेष सोयींचा मोजला, मिळकतीचा नाही. केळकर समितीनं नंतर दरडोई उत्पन्नाकडं बोट दाखवलं, पण तोवर आमच्या डोक्यात 'अनुशेष म्हणजे इमारती' हे पक्कं बसलं होतं.

आणि ह्यातून काय झालं, हे समजून घ्यायचं असेल तर लातूरला जा.

लातूर पॅटर्न तुम्हाला माहीत असेलच. ऐंशी-नव्वदच्या दशकात राजर्षी शाहू कॉलेज, दयानंद वगैरेंनी पोरांकडून घोटून अभ्यास करून घ्यायला सुरुवात केली. सराव परीक्षा, उत्तरपत्रिका तपासणं, पुन्हा सराव. बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं दिसायला लागली. पुण्या-मुंबईतल्या लोकांनी "रट्टा मारतात हो" म्हणून नाकं मुरडली. मारत असतील! पण ज्याच्या घरात पुस्तकांचं कपाट नाही त्या लेकराला मेडिकलचं दार ठोठवायला तोच एक हातोडा होता. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसं गेली, त्यानंतरही हे शहर परीक्षांच्या मागं लागून पुन्हा उभं राहिलं. मला लातूरचं खरंच कौतुक आहे (नांदेडचा माणूस हे लिहितोय, नोंद घ्यावी!). आता नांदेडलाही श्यामनगर, भाग्यनगर भागात तेच चित्र. गल्लीबोळात क्लास, होस्टेल, मेस, अभ्यासिका.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वा, शिक्षणाचा उद्योग उभा राहिला. राहिलाच. घरमालक, मेसवाल्या मावशी, झेरॉक्सवाले, रिक्षावाले, सगळ्यांना कामं मिळाली. पण ह्या कारखान्यातला तयार माल कुठं जातो? मोंढ्यातलं सोयाबीन आणि तूर ट्रकनं जाते, लेकरं ट्रॅव्हल्सनं जातात. डाळीवर निदान लातूरच्या डाळमिलमध्ये प्रक्रिया होते, गावात चार पैसे राहतात. लेकरांवरची प्रक्रिया झाली की ती पूर्णच बाहेर.

आणि इथं जिल्ह्याच्या उत्पन्नाचा हिशेब कसा लावतात ते लक्षात घ्या. उत्पन्न जिथं निर्माण होतं तिथं मोजतात. माझं बालपणाचं दूध, लसी, झेडपीची शाळा, कॉलेजची फी, आजारपणं, हा सगळा खर्च नांदेडच्या खात्यावर. माझा पगार पुणे जिल्ह्याच्या खात्यावर. मी पुण्याला आलो तेव्हा पुण्याचं दरडोई उत्पन्न कणभर वाढलं. नांदेडनं बावीस वर्षं गुंतवणूक केली आणि परतावा हिंजवडीत जमा झाला.

"पण तुम्ही घरी पैसे पाठवता ना?" पूर्वी कोकणात मुंबईची मनिऑर्डर यायची, तसं काहीतरी लोकांच्या मनात असतं. आमचं प्रकरण निराळं आहे. बऱ्याच घरांत पैसा उलटाच वाहतो. पोरगं नोकरीला लागलं, लग्न ठरेना, कारण 'पुण्यात फ्लॅट आहे का?' मग बाप दोन एकर रान विकतो आणि वाकडला किंवा वाघोलीला टू बीएचकेचं डाऊनपेमेंट भरतो. माझ्या नात्यातच अशी चार उदाहरणं आहेत. गरीब जिल्ह्यातलं भांडवल श्रीमंत जिल्ह्यातल्या बिल्डरकडं! हे कुठल्याच अनुशेषाच्या तक्त्यात येत नाही.

मागच्या दिवाळीत अहमदपूरकडच्या मामाकडं बसलो होतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं होतं तेव्हा मामा खुशीत होता. नंतर भाव जे आपटले ते सावरलेच नाहीत. २०२४ ला हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्याही खाली विकावं लागलं. २०२५ च्या पावसाळ्यात आधी मुखेडकडं ढगफुटीसारखा पाऊस, मग सप्टेंबरात लातूर-धाराशिव-बीडमध्ये पूर. २०१६ ला ह्याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणलं होतं, त्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. मामाचा धाकटा लातूरला क्लास लावून नीटचा तिसऱ्यांदा अभ्यास करतोय. मी विचारलं, मामा, ह्या बारीला नाही झालं तर? मामा म्हणाला, "तर काय, पुण्याला पाठवायचं तुज्याकडं. हितं ठेवून करालाव काय? तूच सांग, हितं बारा हजाराच्या वर पगार देनारं कोन हाय?"

मला उत्तर देता आलं नाही. डोक्यात जे आकडे फिरायला लागले ते वर लिहिलेत.

तर उपाय काय? एक उपाय म्हणजे पॅकेज. २०१६ साली औरंगाबादेत मंत्रिमंडळाची बैठक झाली, पॅकेज जाहीर झालं. २०२३ साली पुन्हा तिथंच बैठक, पुन्हा पॅकेज. दोन्ही चाळीस हजार कोटींच्या वर. दुसरं जाहीर करायची वेळ का यावी, एवढंच विचारतो. विकास मंडळाची मुदत तर ३० एप्रिल २०२० ला संपली आणि ते कोणाच्या फारसं लक्षातही आलं नाही.

दुसरा उपाय, 'प्रत्येक तालुक्यात उद्योग'. हे मला पटत नाही. कंपन्या जिथं आधीच कंपन्या आहेत तिथंच जातात. व्हॉट्सअॅप सगळे वापरतात म्हणून सगळे वापरतात, तसंच. कुशल माणसं, सुटे भाग, वकील, दुरुस्तीवाले, हे सगळं एका ठिकाणी लागतं. शंभर ठिकाणी थोडं थोडं खत टाकलं तर एकही झाड वाढत नाही. चीननं २००० साली पश्चिमेकडच्या मागास प्रांतांसाठी मोठी मोहीम काढली, अफाट रस्ते-रेल्वे बांधले, तरी पोरं किनाऱ्यावरच्या शहरांकडं जातच राहिली. सोय पोचली म्हणून कमाई पोचत नाही. त्या मानानं तमिळनाडूचं मला पटतं. चेन्नईखेरीज कोईम्बतूर, तिरुप्पूर, होसूर अशी दुसऱ्या फळीतली गावं त्यांनी वाढू दिली. झोहोनं तर २०११ पासून तेनकाशीसारख्या खेड्यापाड्यांच्या भागात सॉफ्टवेअरचं ऑफिस चालवून दाखवलंय.

म्हणजे आम्हाला एक, निदान एक, दुसऱ्या फळीतलं शहर निवडायला हवं. माझं मत विचाराल तर नांदेड आणि लातूर हे जोडशहर धरा. दोन्ही मिळून अठ्ठावन्न लाख लोकसंख्या, एकीकडं विद्यापीठ, १९८१ पासूनचं गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी कॉलेज, गुरुद्वाऱ्यामुळं देशभरची ये-जा. दुसरीकडं बाजारपेठ, डाळ-तेलाचे कारखाने आणि ते परीक्षेचं वेड. हैदराबाद दोघांनाही जवळ. मधे सरळ रेल्वे टाका, अडीच तासांचा प्रवास दीड तासावर आणा.

पण आम्ही काय करतो? भांडतो! २००९ साली नांदेडला नवीन महसूल आयुक्तालय द्यायचं ठरलं. लातूर पेटलं. आम्हालाच हवं म्हणून बंद, मोर्चे, कोर्ट. शेवटी आयुक्तालय ना नांदेडला आलं ना लातूरला, लोक अजून तारखांना संभाजीनगरला जातात. २०१७ साली लातूर-मुंबई गाडी बिदरपर्यंत वाढवली तेव्हाही असंच रान उठलं. त्या वेळी लातूरकरांचा राग मला समजत होता, बर्थ मिळत नव्हते हो. पण दोन उपाशी भाऊ एका भाकरीवरून भांडतात तेव्हा भाकरी बाजूलाच राहते. चार मुख्यमंत्री दोन जिल्ह्यांतले झाले, ह्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथंही आहे. प्रत्येकानं आपापल्या गावाला काहीतरी दिलं. नांदेडला विष्णुपुरीचं पाणी आलं, लातूरला सरकारी कार्यालयं आणि कॉलेजं आली. कमाईची साखळी मात्र दोघांपैकी कोणाकडंच उभी राहिली नाही.

लातूरला आता एक संधी आहे आणि तिच्याकडं माझं बारीक लक्ष आहे. हरंगुळचा रेल्वे डब्यांचा कारखाना. भूमिपूजन २०१८ चं. बरीच वर्षं नुसती शेड उभी होती. मग २०२३ साली भारतीय-रशियन भागीदारीतल्या कंपनीशी वंदे भारत स्लीपरच्या १२० गाड्यांचा करार झाला. आता सगळे विचारतात, किती जणांना नोकऱ्या लागणार? चुकीचा प्रश्न! वाळूज आठवा. बजाजच्या गेटच्या आत जेवढे होते त्याच्या कितीतरी पट गेटच्या बाहेर, सुटे भाग करणाऱ्या शेडमध्ये होते. डब्यातल्या सीटा, वायरिंगचे गुच्छ, पंखे, नट-बोल्ट, काच, हे सगळं चेन्नई-हैदराबादहून ट्रकनं आलं आणि लातुरात फक्त जोडलं गेलं, तर आम्हाला मिळणार वॉचमनच्या नोकऱ्या आणि कॅन्टीनची कंत्राटं. औसा-निलंग्याच्या आयटीआयमधून बाहेर पडलेला पोरगा कर्ज काढून वायरिंगची शेड टाकू शकेल का, त्याला पहिली ऑर्डर कोण देईल, हे आजच विचारायला हवं. आमदार-खासदारांना ह्यावर बोलताना मी तरी ऐकलेलं नाही.

राहिलं आमचं सॉफ्टवेअर. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि मी नांदेडला गेलो तो चौदा महिने तिथंच राहिलो. माझ्या टीममधला एक जण उदगीरहून, एक जण देगलूरहून काम करत होता. वीज जायची, इन्व्हर्टर घेतला. नेट जायचं, दोन कंपन्यांचं घेतलं. काम अडलं नाही, एकही रिलीज चुकलं नाही. आणि त्या चौदा महिन्यांत माझा पगार पहिल्यांदा नांदेडात खर्च झाला. घर रंगवलं, सुतार लावला, गल्लीतल्या दुकानातून किराणा, पोरीची चित्रकलेची शिकवणी. आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियननं त्या वर्षी एक माणूस हाताखाली ठेवला. मग ऑफिसात परत बोलावणं आलं आणि सगळे पुन्हा ट्रॅव्हल्समध्ये बसलो.

घरून काम हा कायमचा उपाय आहे असं मी म्हणत नाही. नवीन पोरांना शेजारी बसून शिकवावं लागतं, हे मी अनुभवानं सांगतो. पण सहा-आठ जणांची एक छोटी खोली नांदेडला का असू नये? दोन अनुभवी, सहा नवे. तिथल्याच कॉलेजातले. पुण्यात एका टेबलाचं भाडं जेवढं पडतं तेवढ्यात तिथं अख्खी खोली होते. माझ्यासारखी शेकडो माणसं पुण्यात आता मॅनेजर म्हणून बसलीत, नांदेड-लातूर-उदगीर-परभणीची. टीममध्ये माणूस घ्यायचा अधिकार आमच्या हातात आहे. दिवाळीत ट्रॅव्हल्सच्या तिप्पट भाड्यावर आपण तावातावानं बोलतो, ह्या अधिकारावर कधी बोलतो का?

मी आमच्या कंपनीत असा एक प्रस्ताव दिलाय. आठ जागा, सहा महिने, नांदेड. साहेबांनी नाही म्हटलेलं नाही. त्यांचे तीन प्रश्न आलेत. विजेचा बॅकअप काय, नेटची दुसरी लाईन काय, आणि माणसं टिकतील का. पहिल्या दोन्हीची कोटेशनं मागवलीत, जनरेटरवाला वजिराबादचाच आहे. तिसऱ्या प्रश्नासाठी पुढच्या शनिवारी कॉलेजात जाऊन शेवटच्या वर्षाच्या पोरांनाच विचारणार आहे, बाबांनो, पुण्यापेक्षा थोडा कमी पगार, पण घरचं जेवण, राहाल का? वाचकांपैकी कोणी लातूरला, उदगीरला असं काही चालवत असेल तर खाली लिहा. विशेषतः विजेचं कसं जमवलंत ते.